वाऱ्याने खाल्लेला नाणेघाट

सध्या आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. एका बाजूला माझी थोरली बहीण. आकाशवाणीत रूपकं, मुलाखती, शेतकऱ्यांचे कार्यक्रम करता करता ती निवृत्त झाली. दुसऱ्या बाजूला आमचे चिरंजीव. नोकरी सांभाळून प्रवासाचे व्लॉग करायचं त्यांनी मनावर घेतलं आहे. मी अपक्ष, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारा.

वादाला निमित्त झालं चिरंजीवांच्या पहिल्यावहिल्या व्हिडिओचं. विषय नाणेघाट. जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या पुढे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण उघडं पडतं, तीच ही जागा. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल या खिंडीतून वर चढायचा आणि जुन्नरवरून पुढे पैठणला जायचा. सातवाहनांच्या काळात इथे दगडात वाट काढली गेली, गुहा खोदली गेली, गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख कोरला गेला. हे सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं. हल्लीची मंडळी मात्र पावसाळ्यात तिथे जातात ती उलटा धबधबा बघायला. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून असा उसळतो की खाली पडू पाहणारं पाणी वर उडतं आणि बघणाऱ्याच्या तोंडावर येतं. चिरंजीवही त्यासाठीच गेले होते. गंमत अशी की ज्या वाऱ्याचं चित्रण करायला ते गेले, त्याच वाऱ्याने त्यांचा आवाज खाल्ला. कड्यावर उभे राहून ते बराच वेळ मनापासून काहीतरी सांगताहेत, हातवारे करताहेत, आणि ऐकणाऱ्याला फक्त भर्रर्र.

ताईने हा व्हिडिओ आमच्याकडे टीव्हीवर पाहिला. पुढचं संभाषण थोडं गाळून-चाळून देतो आहे. दोघं एकाच वेळी तावातावाने बोलत होते, तो भाग कागदावर उतरणं शक्य नाही.

ताई : हे मधे जे भर्रर्र चाललंय, ते मुद्दाम ठेवलंयस का?

चिरंजीव : अगं आत्या, वारा होता. धड उभं राहवत नव्हतं.

ताई : वारा होता हे तुझी छत्री उलटी झाली तेव्हाच कळलं. मी विचारते, माइकला काही घातलं होतंस?

चिरंजीव : मोबाइलचाच माइक. कॉलरला लावायचा मागवलाय, यायचाय अजून.

ताई : तो आला तरी त्या वाऱ्यात हेच होणार. माइकवर फरचं टोपडं लागतं. नसेल तर वाऱ्याकडे पाठ करायची आणि माइक अंगाच्या आडोशाला धरायचा. शेतात मुलाखती घ्यायचो तेव्हा आम्ही हेच करायचो. आणि मुळात कड्यावर उभं राहून भाषण करायचंच कशाला? कड्यावर चित्र घे, वाऱ्याचा आवाज घे, गप्प बस. मग गुहेत जा आणि तिथे शांतपणे बोल. जोडता येतं ना नंतर?

चिरंजीव : येतं. पण मग ते खरं वाटत नाही. मी भिजतोय, हलतोय, ओरडून बोलतोय, हाच तर व्लॉग आहे. गुहेत मांडी घालून बोललो तर माहितीपट होईल.

ताई : काय बोलतोयस तेच ऐकू येत नसेल तर तुझा खरेपणा कुणाला कळणार?

इथे पहिला गुण ताईला. चिरंजीवांच्या खरेदीच्या यादीत गिंबल होता, मोठा ट्रायपॉड होता, ड्रोन होता. माइक सगळ्यात शेवटी. चित्र थोडं धूसर असलं, हललं, तरी माणूस चालवून घेतो. आवाज फाटका असला की तो दुसऱ्या क्षणी पुढच्या व्हिडिओवर जातो. आणि ड्रोनविषयी मी तेव्हाच बोललो होतो. 250 ग्रॅमच्या आतला ड्रोन 2021 च्या नियमांप्रमाणे ‘नॅनो’ गटात येतो, त्याला पायलटचा परवाना लागत नाही, हे चिरंजीवांनी मला पटवलं होतं. कुठे उडवायला बंदी आहे याचा सरकारी नकाशाही दाखवला होता. पण जिथे आख्खा धबधबा वर उडतो तिथे पाव किलोचं यंत्र कुठे जाऊन पडेल, हे त्या नकाशात नव्हतं.

ताई : आता सुरुवात बघू. नमस्कार मित्रांनो, कसे आहात सगळे, स्वागत आहे तुमचं आपल्या चॅनलवर, व्हिडिओ आवडला तर लाइक करा, सबस्क्राइब करा, घंटी दाबा. अरे, अजून आवडण्यासारखं काही दाखवलंच नाहीस!

चिरंजीव : सगळे असंच करतात.

ताई : सगळे म्हणजे कोण?

चिरंजीव : म्हणजे... मोठे लोक नाही करत म्हणा. मुक्ता नार्वेकर, किंवा प्रसाद गावडे, तो ‘कोकणी रानमाणूस’वाला. ते थेट विषयाला हात घालतात. पण त्यांना लोक ओळखतात. मला कोण ओळखतं?

ताई : म्हणूनच म्हणते. अनोळखी घरी गेल्यावर उंबरठ्यावरच ‘माझं कौतुक करा’ म्हणतात का? आणि तू बघतोस कुठे रे? सारखी नजर खाली.

चिरंजीव : स्क्रीनवर. मी कसा दिसतोय ते कळतं ना. लेन्समध्ये बघून बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलल्यासारखं होतं. जुन्नर स्टँडवर मी पहिल्यांदा फोन हातात धरून बोलायला लागलो, तर समोरच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, “रेंज नाही का? वर टाकीपाशी जा, तिथं येते.” त्यांना वाटलं मी कुणाला तरी फोन लावतोय आणि पलीकडचा काही बोलतच नाहीये.

ताई हसली. मग म्हणाली, ते आजोबा बरोबर होते.

चिरंजीव : म्हणजे?

ताई : पलीकडे कुणी नव्हतंच. तू ‘मित्रांनो’ म्हणतोस, पण तुझ्या डोळ्यांपुढे एकही मित्र नाही. आम्हाला स्टुडिओत पहिल्या दिवसापासून सांगायचे, लाखो श्रोते विसरा. एक बाई आहे, चुलीपाशी बसलीय, रेडिओ फळीवर आहे, भाकरी थापता थापता ती ऐकतेय. तिच्याशी बोला.

चिरंजीव : आत्या, माझा प्रेक्षक भाकरी थापत नाही. तो लोकलमध्ये उभा आहे, एका हाताने कडी धरलीय, दुसऱ्या हाताचा अंगठा स्क्रीनवर आहे, आणि तो अंगठा कधी वर सरकेल याचा नेम नाही. तुमची बाई पिठाच्या हाताने उठून रेडिओ बंद करणार नव्हती. माझ्या माणसाला नुसता अंगठा हलवायचाय.

ताई : मग त्या माणसाशी बोल. निदान तो तुला दिसतोय तरी.

माझ्या मते वादातली ही सगळ्यात कामाची देवाणघेवाण होती. पुढे चिरंजीवांनी लॅपटॉप आणला आणि बाजी थोडी पलटली.

यूट्यूब व्हिडिओ टाकणाऱ्याला एक आलेख दाखवतं. कोणत्या क्षणाला किती टक्के माणसं अजून बघताहेत, याची रेघ. सुरुवातीला रेघ उंच असते, मग उतरत जाते. चिरंजीवांची रेघ पहिल्या अर्ध्या मिनिटातच निम्म्याच्या खाली आली होती, म्हणजे ‘घंटी दाबा’ येईपर्यंत अर्धा गाव उठून गेलेला. कड्यावर भर्रर्र सुरू झाल्यावर उरलेल्यांतलेही बरेच गेले. ताई चष्मा पुसून त्या रेघेकडे बघत राहिली.

ताई : हे आमच्याकडे असतं तर...

चिरंजीव : तुम्हाला कसं कळायचं?

ताई : पत्रं यायची. पोस्टकार्डं. ज्याला फार आवडलं त्याचं यायचं आणि ज्याला राग आला त्याचं यायचं. मधेच उठून गेलेल्या माणसाचं पत्र कधी आलं नाही. आणि हा उंचवटा कसला?

रेघेच्या उतारावर एका ठिकाणी छोटं टेंगूळ होतं. असं टेंगूळ येतं तिथे लोकांनी मागे जाऊन तोच भाग पुन्हा बघितलेला असतो. चिरंजीवांनी ती जागा लावली. जुन्नरहून घाटघरला जाणारी एसटी. खिडकीबाहेर भाताची खाचरं, चिखलात वाकलेली माणसं, पाठीवर इरली आणि प्लास्टिकचे कागद. कॅमेरा बाहेर, आणि आवाज मात्र आतला. मागे उभी असलेली एक बाई कंडक्टरला झापतेय, गाडीला उशीर झाला, आवणी अडलीय, बायका बांधावर बसून असतील. कंडक्टर म्हणतो, मावशी, तुम्हाला अर्धं तिकीट आहे. (एसटीत 2023 पासून बायकांना निम्मं भाडं आहे.) त्यावर ती फाडकन म्हणते, “म्हणून काय अर्ध्या पायावर उभी करता व्हय?” गाडीत हशा. पत्र्यावर पाऊस वाजतोय.

ताई : हे तू काढलंस?

चिरंजीव : चुकून राहिलं. मी कापणार होतो. मी फ्रेममध्येच नाहीये ना त्यात.

ताई : तू गप्प होतास म्हणून ते आलं.

चिरंजीव : म्हणजे मी नकोच, असं म्हणायचंय का तुला? मग तो नुसता बसचा व्हिडिओ झाला. आत्या, तू माहितीच्या मागे आहेस. माहिती सगळी विकिपीडियावर पडलीय. लोक व्लॉग बघतात ते सोबतीसाठी. आजीचे गुडघे गेलेत, ती आता कुठे नाणेघाट चढणार? तिने हाच व्हिडिओ भर्ररसकट पूर्ण बघितला आणि म्हणाली, दमला असशील, काही खाल्लंस का. तिला नाणेघाट नको होता, मी नाणेघाटात हवा होतो. आणि यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ माहितीये कसला आहे? 23 एप्रिल 2005. जावेद करीम, यूट्यूब काढणाऱ्या तिघांपैकी एक. प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहतो आणि सांगतो की यांच्या सोंडा लांब आहेत. संपलं. कुठेतरी गेला, उभा राहिला, डोळ्यांना दिसलं ते बोलला. सगळ्या व्लॉगांचा मूळपुरुष तो.

ताई : किती वेळाचा आहे?

चिरंजीव : 19 सेकंद.

ताई : बघ. त्याला कळलं होतं, आपल्याकडे सांगण्यासारखं तेवढंच आहे.

या टोल्यावर चिरंजीव काही बोलले नाहीत, पण ‘सोबती’चा मुद्दा मला खोटा वाटला नाही. ताईलाही वाटला नसावा, कारण तिने स्वतःहून विष्णुभट गोडशांचा विषय काढला. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, म्हणून उत्तरेला निघाला आणि 1857 च्या धामधुमीत सापडला. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा तो आत होता. लुटला गेला, उपाशी राहिला, जीव मुठीत धरून फिरला, आणि तरीही गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतला. ‘माझा प्रवास’ त्याने कितीतरी वर्षांनी लिहिला आणि तो छापून आला 1907 मध्ये.

चिरंजीव : म्हणजे तोही ‘मी, मी’च करत होता. पुस्तकाच्या नावातच ‘माझा’ आहे.

ताई : करत होताच. पण त्याच्या ‘मी’ला भूक लागते, भीती वाटते, पैसे मोजावे लागतात. तुझ्या ‘मी’ला सोळा मिनिटांत एकच गोष्ट वाटली. सगळं ‘एक नंबर’. एसटी एक नंबर, कणीस एक नंबर, गुहा एक नंबर.

चिरंजीव : आणि तो पन्नास वर्षं थांबला. मी थांबलो तर माझा डेटा पॅक संपेल.

ताई : पन्नास नको. एक रात्र थांब. परत आलास त्याच रात्री दोन वाजता टाकलास ना?

टाकला होता, हे खरं. त्यात कुठल्याशा सिनेमाचं गाणं लावलेलं, त्यामुळे सकाळपर्यंत गाण्याच्या मालकीचा दावाही येऊन पडला होता. पैसे मिळालेच तर ते गाण्याच्या मालकाला.

मग निघाली ती गुहा. मला स्वतःला या भागात सगळ्यात जास्त रस होता, आणि व्हिडिओत त्याला जेमतेम पाऊण मिनिट मिळालं होतं. चिरंजीव गुहेच्या तोंडाशी उभे, मागे गर्दी, आणि वाक्य असं : “तर मित्रांनो, हा आहे जगातला पहिला टोलनाका.” पाठोपाठ दगडी रांजणाचं चित्र, ज्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात तो. आणि लगेच पुन्हा धबधबा.

ताई : जगातला पहिला, हे कुणी सांगितलं तुला?

चिरंजीव : सगळ्या व्हिडिओंत आहे.

ताई : एकाने म्हटलं की दुसरा म्हणतो. तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर काय आहे ते तू दाखवलंच नाहीस. मागच्या भिंतीत पुतळे होते, राजाराणीचे, राजपुत्रांचे. आता पाहिलंस तर नुसते पावलांचे अवशेष आहेत आणि वर नावं. सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सातकर्णी. माणसं गेली, पावलं राहिली, नावं राहिली. अरे, याहून चांगलं चित्र तुला कुठे मिळणार होतं?

चिरंजीव : अंधार होता आत. आणि ब्राह्मी मला वाचता येत नाही.

ताई : मलाही येत नाही. पण बाजूच्या भिंतींवरच्या लेखात आकडे आहेत. अंक. राणीने यज्ञ केले, दानं दिली, त्यांचा हिशेब. एका यज्ञाला 11000 गाई, 1000 घोडे. एका ठिकाणी 24400 कार्षापण दक्षिणा. हे अंक आहेत, हे भगवानलाल इंद्रजींनी ओळखलं, 1876 च्या सुमाराला. त्या चिन्हांचा हिशेब लावत बसलेला तो माणूस डोळ्यांपुढे आण. भारतातल्या अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी ते आहेत. तू ज्या आकड्यांत तुझे व्ह्यूज मोजतोस ना, त्यांचे पूर्वज त्या भिंतीवर होते, आणि तू त्यांच्याकडे पाठ करून उभा होतास.

आता चिरंजीव निरुत्तर होतील असं मला वाटलं. पण ते जरा वेळ गप्प बसून म्हणाले ते असं.

चिरंजीव : आत्या, राणीने हा हिशेब देवळात का नाही कोरला? राजधानीत का नाही? इथे आडबाजूला का?

ताई : आडबाजू आज आहे. तेव्हा हा हमरस्ता होता. सगळा व्यापार इथून जायचा.

चिरंजीव : म्हणजे जिथे वर्दळ जास्त, तिथे. येणारा-जाणारा प्रत्येक जण सावलीला थांबणार, तिथे. स्वतःचं नाव, नवऱ्याचं, मुलांचं नाव, वर पुतळे, आणि किती दान केलं त्याचे आकडे. राणीला व्ह्यूज हवे होते, आत्या.

ताई इतकी हसली की चहा सांडला. आकाशवाणीतल्या कुणालाही हे सुचलं नसतं, हे तिने मान्य केलं. पण सोडणारी ती नव्हे.

ताई : असतील हवे. पण तिने आधी 11000 गाई दिल्या आणि मग लिहिलं. तू काय दिलंस त्या घाटाला?

चिरंजीव : पुढच्या वेळी हेच बोलतो. गुहेत उभा राहून. तुझं नाव न घेता.

कणसाच्या टपरीवरून मात्र खडाजंगी झाली. घाटघरच्या वाटेवर एक बाई निखाऱ्यांवर कणसं भाजत होती. हा सगळा महादेव कोळ्यांचा मुलूख. इथली माणसं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, पावसात भात लावतात आणि शनिवार-रविवारी पर्यटकांना चहा, कांदाभजी, कणसं विकतात. चिरंजीवांनी तिच्या हातांचं जवळून चित्रण केलं होतं. लिंबाची फोड मीठ-तिखटात बुडवून ती कणसावर फिरवते, निखारा तडतडतो, सुरेख आलं होतं ते. पण त्याखाली त्यांनी बासरी लावली होती. करुण, संथ बासरी.

ताई : ती बाई रडतेय का?

चिरंजीव : नाही. पण कष्टाचं आयुष्य आहे ना.

ताई : ती धंदा करतेय. तुझ्याकडून पैसे घेऊन तुला गरम कणीस दिलं तिने, आणि तू तिला बासरी लावलीस. तिला विचारलं होतंस, चित्रण करू का म्हणून?

चिरंजीव : तुम्ही विचारायचात?

ताई : करारपत्रावर सही घ्यायचो. मानधनाचा चेक जायचा, भले किरकोळ रकमेचा. त्या माणसाला कळायचं, आपला आवाज कुठे जाणार आहे.

चिरंजीव : मी व्हिडिओ पाठवला तिला. तिच्या मुलाचा नंबर घेतला होता. त्याचा उलट निरोप आला.

ताई : काय?

चिरंजीव : आई म्हणते, छान आहे, पण टपरीचा बोर्ड का नाही दाखवला? पुढच्या वेळी दाखवा, आणि पिठलं-भाकरी पण मिळते म्हणून सांगा.

ताईला यावर लगेच काही बोलता आलं नाही. परवानगी आधी घ्यायची असते, नंतर नव्हे, हा तिचा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. पण ज्या बाईच्या वतीने ती भांडत होती, त्या बाईचं भांडण वेगळंच निघालं. बासरीबद्दल तिने अवाक्षर काढलं नव्हतं. बासरी तरीही काढायलाच हवी, यावर शेवटी दोघांचं एकमत झालं.

एक गोष्ट मी मधे तोंड घालून विचारली, कारण बापाला ती विचारावीच लागते. कड्याच्या किती जवळ गेला होतास? उत्तर गोलमोल आलं. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अशा जागांवर मनाईआदेश काढतात, पूर्वी 144 कलमाखाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 कलमाखाली, ते काही हौस म्हणून नाही. स्क्रीनमध्ये स्वतःकडे बघत मागे मागे सरकणारा माणूस कड्यावर सगळ्यात धोक्यात असतो. त्याला दरी दिसत नाही, फक्त आपलं तोंड दिसतं. कड्यापासून दहा हात अलीकडे, फोन ट्रायपॉडवर, एवढं कबूल करून घेतलं.

आणि पैसे? चिरंजीवांचा हिशेब असा होता की वर्षभरात चॅनल उभं राहील, मग नोकरीचं बघू. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा हवा तर 1000 सबस्क्राइबर आणि बारा महिन्यांत 4000 तास बघितलं गेलेलं असावं लागतं. मी कागद घेतला. 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. सोळा मिनिटांचा व्हिडिओ प्रत्येकाने शेवटपर्यंत बघितला तरी 15,000 माणसं लागतात. रेघेकडे बघता माणूस सरासरी चार मिनिटं थांबतो, म्हणजे 60,000. आजवरच्या बघणाऱ्यांत निम्मे आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातले आहेत. नोकरी सोडायचा विषय तूर्त मागे पडला आहे.

नंतरच्या शनिवारी दोघं आमच्याकडेच व्हिडिओची दुरुस्ती करायला बसली. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओचे तुकडे गाळता येतात, पण नवं चित्रण किंवा निवेदन घालता येत नाही, म्हणून जुना काढून नवाच टाकायचा ठरला. ताई सांगत होती, टेप सेकंदाला साडेसात इंच पळायची. बोलणाऱ्याचा अर्ध्या सेकंदाचा श्वास काढायचा म्हणजे पावणेचार इंच फीत ब्लेडने तिरपी कापायची आणि टोकाला टोक चिकटवायचं. कापलेला तुकडा टाकायचा नाही, गळ्यात अडकवून ठेवायचा, न जाणो परत लागला तर. चिरंजीव काइनमास्टरवर अंगठ्याने तेच करत होते आणि चुकलं की मागे जात होते. दोघांची बोटं वेगळी, पण कुठे कापायचं यावर मतं चटकन जुळत होती, याचं मला नवल वाटलं. निवेदन त्यांनी कपड्यांचं कपाट उघडून, त्यात तोंड घालून नव्याने ध्वनिमुद्रित केलं. लटकलेल्या कपड्यांमुळे खोलीचा घुमारा मरतो, ही ताईची युक्ती. माझ्या दोन सदऱ्यांची इस्त्री त्यात गेली.

आता व्हिडिओ साडेनऊ मिनिटांचा आहे. नमस्कार नाही, घंटी नाही. पहिलं वाक्य एसटीतल्या मावशींचं, अर्ध्या पायाचं. कड्यावर कुणी बोलत नाही, नुसता वारा आहे आणि वर उडणारं पाणी. ‘जगातला पहिला’ गेला. गुहा जेवढी होती तेवढीच राहिली, कारण चित्रणच नव्हतं, त्यासाठी पुन्हा जावं लागणार. छत्री उलटी होते आणि चिरंजीव खदाखदा हसतात, त्या तुकड्यावरून मात्र ताई शेवटपर्यंत अडून बसली होती, त्यात काय आहे म्हणून. चिरंजीव हटले नाहीत. तो तुकडा राहायला हवा होता असं माझं मत आहे, आणि तो राहिला आहे.

पुढचा व्हिडिओ चावंड किल्ल्याचा. पावसाळा सरला की दोघं मिळून जाणार म्हणताहेत. ताई किती पायऱ्या चढेल ते बघायचं. तुमच्यापर्यंत तो पोचला तर सबस्क्राइब केलं नाहीत तरी आमची तक्रार नाही. फक्त मधेच उठून जाऊ नका, आता आम्हाला ते दिसतं.